६४० सभासद आणि ४७ उत्तरं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि तुम्ही दिलेल्या लिंकवरून फॉर्मही शेवटपर्यंत पाहिला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नेरूळमधलं एक वाचनालय, आजचे सभासद ६४०. गेल्या तीन वर्षांत दीडशेएक जण सोडून गेले. का गेले ते कळावं म्हणून समितीने २२ प्रश्नांचा गूगल फॉर्म केला, तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि १२ दिवस वाट पाहिली. उत्तरं आली ४७. त्यातले ३८ जण प्रत्येक बाबतीत ‘समाधानी’ नाहीतर ‘अतिशय समाधानी’. आता समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, लोकांना आस्थाच नाही, नाद सोडा. दुसरा म्हणतो, लकी ड्रॉ ठेवा, मग बघा कसे भरतात. तुम्ही विचारता आहात, लोकांना फॉर्म भरायला लावायचं कसं.

मी २२ वर्षं हेच काम करते. सुरुवात कळवा आणि वागळे इस्टेटमध्ये कागदी फॉर्म घेऊन दारोदार फिरण्यापासून झाली. मग ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांचे सर्व्हे केले. आता ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळा, रुग्णालयं यांचं काम असतं, जवळजवळ सगळं ऑनलाइन. त्या अनुभवावरून सांगते, ४७ हा आकडा लहान आहे याची काळजी नंतर करू. आधी हे बघा, की जे दीडशे जण गेले ते तुमच्या फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत. सभासदत्व सोडलं की ग्रुपमधून नाव काढतात. म्हणजे ‘का सोडून जातात’ हा प्रश्न तुम्ही फक्त न सोडलेल्यांना विचारला. ते समाधानी असणारच, म्हणून तर राहिलेत.

तेव्हा पहिलं काम फॉर्मचं नाहीच. देवघेवीच्या टेबलावरची जुनी नोंदवही काढा. अनामत परत नेलेल्यांची नावं आणि फोन नंबर तिथे असतील. त्यातले ३० जण निवडा आणि समितीतल्या तिघांनी दहा-दहा फोन करा. ‘परत या’ असं म्हणायचं नाही, एकच विचारायचं: शेवटचं पुस्तक परत केलं त्या दिवशी काय ठरवून आला होतात? उत्तर आलं की मध्ये न बोलता लिहून घ्या. तुमचा २२ प्रश्नांचा फॉर्म जे सांगू शकला नाही ते या ३० फोनांतून कळेल अशी माझी खात्री आहे.

संख्येचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट सांगते, कारण प्रत्येक समितीत ‘निदान अर्ध्यांनी तरी भरायला हवा’ हा आग्रह असतो. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी आल्फ लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले, आणि ऐन मंदीत फोन आणि मोटार कोणाकडे होती ते सांगायला नको. शिवाय मिळालेली पत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्टवर नाराज असलेले जास्त निघाले. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. २० लाख उत्तरं असूनही कोण बोललं नाही ते पाहिलं नाही तर काय होतं, ते यात दिसतं.

तुमच्याकडे त्या साप्ताहिकापेक्षा एक मोठी सोय आहे: सगळ्या ६४० जणांची यादी. ६४० पैकी चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची आणि ५ टक्के इकडेतिकडे इतक्या नेमकेपणाने, ९५ टक्के खात्रीने काही सांगायचं, तर साधारण २४० उत्तरं लागतात. हा हिशेब बरोबर आहे, पण तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना लागू होतो, आपणहून लिंक उघडणाऱ्यांना होत नाही. आणि वाचनालयाला इतका नेमकेपणा लागतोच कुठे? यादीतला दर दहावा सभासद घ्या, ६४ नावं होतील. त्या प्रत्येकाच्या मागे लागून ६० जणांकडून उत्तर मिळवलं तरी फरक सुमारे १२ टक्क्यांचा राहतो. ‘रविवारी वाचनालय उघडं हवं’ असं ७० टक्के म्हणाले, तर खरा आकडा ५८ असो की ८२, तुमचा निर्णय तोच राहील. आपणहून भरलेल्या २०० फॉर्मपेक्षा मी या ६० जणांवर विसंबेन. बाकीच्यांनाही लिंक जरूर पाठवा, आपल्यालाही विचारलं याचं मोल असतं. फक्त आकडे काढताना ती उत्तरं वेगळी ठेवा.

आता ‘३८ जण समाधानी’. फॉर्म उघडल्यावर मला त्याचं कारण दिसलं, आणि ते पाहून नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघातली एक दुपार आठवली. तिथेही असाच फॉर्म होता: डावीकडे सेवांची यादी, वर पाच पर्याय, मध्ये गोलांचा तक्ता. सगळी उत्तरं गोड. मी एका काकूंच्या शेजारी बसले आणि काही न बोलता त्यांना भरताना पाहत राहिले. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ, अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा केलेला. त्यांच्या पडद्यावर तक्त्याचे दोनच रकाने मावत होते: ‘अतिशय समाधानी’ आणि ‘समाधानी’. उरलेले तीन उजवीकडे, बोटाने सरकवल्याशिवाय न दिसणारे. काकूंनी प्रत्येक ओळीत दोनांतलं एक निवडलं आणि मग मला म्हणाल्या, “अगं, पाणी येत नाही ते कुठे लिहायचं?”

तुमच्या फॉर्ममध्ये असे तीन तक्ते आहेत आणि तुमचे निम्म्याहून जास्त सभासद साठीपुढचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. संगणकावर फॉर्म बनवणाऱ्याला पाचही रकाने समोर दिसतात, त्यामुळे त्याच्या लक्षात येत नाही. तक्ते काढून टाका. एक प्रश्न, त्याखाली एकाखाली एक पर्याय. पाठवण्याआधी तीन सभासदांच्या शेजारी बसा, एक जण सत्तरीचा, एक अभ्यासिकेतला विद्यार्थी आणि एक नोकरी करणारी बाई, आणि त्यांच्याच फोनवर भरताना नुसतं बघा. मदत करायची नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मी ते कधीच टाळत नाही.

दुसरी अडचण अशी की तुम्ही ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ ही सोय चालू ठेवली आहे. हेतू चांगला, पण मग गूगल आधी खात्यात शिरायला सांगतं आणि फॉर्मच्या माथ्यावर भरणाऱ्याचा ईमेल दिसतो. खाली ‘शेअर केलेला नाही’ असं बारीक अक्षरांत असतं, ते कोण वाचतं? बँका, पोलीस, घरातली मुलं सगळे सांगत असतात की अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड टाकू नका. अशा वेळी पासवर्ड मागणारं पान दिसलं की शहाणं माणूस फोन बाजूला ठेवतं. याला अनास्था म्हणू नका, ती सावधगिरी आहे. एखाद्याने दोनदा भरला तर भरू दे. दर दहाव्या सभासदाला तर तुम्ही नावानिशी पाठवणार आहात, तिथे हा धोका नाहीच. आणि लिंक ‘समिती’कडून जाऊ देऊ नका. ग्रंथपाल ज्यांना नावाने ओळखतात त्यांना ग्रंथपालांच्या नंबरवरून, दोन ओळींच्या निरोपासह जाऊ दे.

ग्रंथपालांचा विषय निघालाय म्हणून तुमचा अकरावा प्रश्न. ‘ग्रंथपाल व कर्मचारी यांची वागणूक आणि पुस्तकांची उपलब्धता समाधानकारक आहे का?’ वागणूक उत्तम, पुस्तकं मिळत नाहीत, अशा माणसाने काय निवडायचं? आणि ज्यांच्याबद्दल विचारताय तेच उत्तरं वाचणार, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे तोंडावर कोणी ‘असमाधानी’ म्हणत नाही. ‘आहे का?’ विचारलं की माणूस ‘आहे’ म्हणतो, भिडेपोटी. म्हणून मी मत कमी आणि घडलेलं जास्त विचारते. ‘मागच्या वेळी आलात तेव्हा हवं असलेलं पुस्तक मिळालं का?’ पर्याय तीन: ‘मिळालं’, ‘ते नव्हतं, दुसरं नेलं’, ‘रिकाम्या हाताने परत गेलो’. यात कोणाची निंदा नाही, म्हणून उत्तर खरं येतं. आणि तुम्हाला पुस्तकखरेदीसाठी नेमकं तेच हवं आहे.

२२ प्रश्नांचे ६ करा. कोणते ठेवायचे याची माझी एक रीत आहे. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी लिहा: उत्तर ‘हो’ आलं तर आम्ही काय करू, ‘नाही’ आलं तर काय करू. दोन्ही ओळी सारख्या निघाल्या तर प्रश्न काढा. ‘वाचनालयाची जागा प्रशस्त वाटते का?’ असं तुम्ही विचारलंय. नाही म्हणाले तर जागा वाढवणार आहात का? नसाल तर विचारू नका. विचारलं की अपेक्षा तयार होते. माझ्या मते तुम्हाला एवढंच पुरे: शेवटचं कधी आलात, त्या वेळी पुस्तक मिळालं का, नसेल तर कोणतं हवं होतं, कोणती वेळ सोयीची, गेल्या वर्षात सभासदत्व सोडावंसं वाटलं का आणि कशामुळे, आणि या बाबतीत फोन केला तर चालेल का. भाषा काउंटरवर बोलता तीच ठेवा. ‘समाधान पातळी नमूद करावी’ हे वाचून माणूस सरकारी अर्ज समजतो.

लिहायच्या उत्तरांसाठी एक सोय करा. फोनवर देवनागरी टंकणं कित्येकांना जमत नाही, मग ते ‘छान’ लिहून सुटतात. त्यांना सांगा, की बोटाने लिहू नका, व्हॉट्सॲपवर आवाजात बोलून पाठवा. कोपरखैरण्यातल्या एका संस्थेसाठी हे केलं तेव्हा फॉर्ममध्ये दोन शब्द लिहिणाऱ्या बायका चार-चार मिनिटं बोलल्या. ऐकून उतरवून घ्यायला वेळ लागतो, पण त्या वर्षीचं खरं काम त्यातूनच झालं.

जन्मतारीख आणि पूर्ण पत्ता मात्र आजच काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र साधं आहे: कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या आणि त्या कामापुरतंच घ्या. पुस्तकांची आवड कळायला वयोगट पुरतो. आणि ‘नाव गुप्त राहील’ असं लिहायचं असेल तर ते खरं आहे का ते तपासा. ऐरोलीच्या एका कंपनीत आम्ही नाव विचारलं नव्हतं, फक्त विभाग, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच. एका बाईंचा फोन आला, “मॅडम, आमच्या विभागात पन्नाशीची बाई मी एकटीच आहे. मी भरू का?” त्या दिवसापासून पाचपेक्षा कमी माणसांचा गट मी कोणत्याही अहवालात वेगळा दाखवत नाही, आणि फॉर्म करतानाच असे गट पडत नाहीत ना ते बघते. त्या बाईंनी विचारलं म्हणून कळलं. न विचारता फॉर्म बंद करणाऱ्या किती असतील!

लकी ड्रॉबद्दल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे. मॉलमध्ये अनोळखी माणसाची दोन मिनिटं हवी असतील तर बक्षीस चालतं. सभासदांच्या बाबतीत मी टाळते. सोडतीसाठी नाव-नंबर द्यावा लागतो, म्हणजे मोकळेपणा गेला. आणि ज्याला कूपन हवं तो खालपर्यंत झरझर खुणा करत जातो. काही द्यायचंच असेल तर आधी आणि सगळ्यांना द्या. नंतरच्या बक्षिसाच्या आशेपेक्षा आधी दिलेली छोटी भेट जास्त कामी येते, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. तुमच्या बाबतीत एक सुंदर वाचनखूण, मागे फॉर्मचा क्यूआर कोड, काउंटरवर प्रत्येक पुस्तकाबरोबर. छपाईचा खर्चही फार नाही.

एक इशारा, कारण तुम्ही वर्गणीवाढीचाही प्रश्न घातलाय. फॉर्म म्हणजे ठराव नव्हे. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत पार्किंगच्या दरावर ऑनलाइन कौल घेतला, भाडेकरूंनीही भरला, एका घरातून तीन-तीन फॉर्म आले, आणि समितीने ‘बहुमत आहे’ म्हणून दर लावले. पुढचं सगळं वर्ष भांडणात गेलं. वर्गणी वाढवायची असेल तर संस्थेच्या घटनेप्रमाणे सर्वसाधारण सभेतच ठराव व्हायला हवा. फॉर्ममधून फार तर एवढं कळेल, की सभेत कोणते मुद्दे निघतील.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचे लोक फॉर्म भरत नाहीत हे मला पटत नाही. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ पासून चालू आहे, त्यात नागरिकांच्या अभिप्रायाला गुण असतात, आणि त्या दिवसांत ती लिंक नवी मुंबईत ग्रुपाग्रुपांवर फिरत असते. लोक भरतात, कारण पुढे काय होतं ते दिसतं: क्रमांक लागतो, २०२० मध्ये नवी मुंबई मोठ्या शहरांत देशात तिसरी आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. तुमच्याच प्रश्नात एक वाक्य ओझरतं आलंय, की दोन वर्षांपूर्वीही असा एक फॉर्म पाठवला होता. त्याचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सभासदांना तरी कळलं होतं का?

ठाण्याला वाचनालयांची परंपरा जुनी आहे, मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. मी लहानपणी ज्या वाचनालयात जायचे तिथे काउंटरवर सुतळीने बांधलेली सूचनावही असायची. निळ्या शाईत सभासदाची सूचना, खाली लाल शाईत कार्यवाहांचं उत्तर आणि सही. ‘पुस्तक मागवले आहे.’ ‘या वर्षी निधी नाही, एप्रिलनंतर पाहू.’ ‘पंखा दुरुस्त केला.’ माझे वडील पुस्तक बदलण्याआधी ती वही उघडायचे, स्वतः लिहिलेलं नसलं तरी. नकार असला तरी तो सहीनिशी असायचा, म्हणून पुढच्या महिन्यात लोक पुन्हा लिहायचे. गूगल फॉर्ममध्ये निळी शाई आली, लाल शाई राहून गेली. ती तुम्हाला वेगळी भरावी लागेल.

म्हणून नवा फॉर्म पाठवण्याआधी या ४७ जणांना उत्तर द्या, याच आठवड्यात. एक पान पुरेल: किती जणांनी काय सांगितलं, त्यातलं काय लगेच करतोय, काय करता येणार नाही आणि का. मी त्या ४७ उत्तरांतलं लिहिलेलं वाचलं. सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय की संध्याकाळी सातला वाचनालय बंद होतं तेव्हा ते लोकलमध्ये असतात. तक्त्यात मात्र सहाही जण ‘वेळेबाबत समाधानी’ आहेत. आठवड्यातले दोन दिवस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवून बघा, आणि ‘तुमच्यापैकी सहा जणांनी सांगितलं म्हणून’ असं दारावर मोठ्या अक्षरांत लावा. महिनाभराने सहा प्रश्नांचा फॉर्म पाठवा. तिसऱ्या दिवशी एक आठवण, मुदतीच्या आदल्या दिवशी दुसरी, तिसरी नको. नोकरदारांना सकाळी गाडीत असताना, ज्येष्ठांना दुपारची झोप झाल्यावर.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी वेगळा फॉर्म लागेल. त्यांचे प्रश्न पुस्तकांचे नसतात, खुर्ची, पंखा, चार्जिंगचा पॉइंट आणि शांतता यांचे असतात. त्यावर वेगळं लिहीन.

मसुदा झाला की इथे टाका. त्याबरोबर त्या ३० फोनांत काय ऐकलंत तेही, नावं न देता. मी आधी ते वाचेन, मग फॉर्म बघेन.